मॅडमचं घर, टेंपररी

"सर, ह्या मॅडम कोण?" आमच्या ज्युनिअरने विचारलं तेव्हा मी रॅकच्या मागे वाकून कुठली केबल कुठं जाते ते शोधत होतो. कोल्हापूरचा जुलै, बाहेर धो धो, एसीतून थेंब थेंब गळणारं पाणी धरायला शिपाईमामांनी खाली प्लास्टिकची बादली ठेवलेली, आणि मधूनच यूपीएसची टूं टूं. जून २०२४ संपला तसा सेंटओएस ७ ह्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्टही संपला, त्यामुळे ह्या कॉलेजचा जुना सर्व्हर रॉकी लायनक्स ९ वर न्यायचं काम आमच्याकडे आलेलं. ती बिचारी जुन्या मशीनवरच्या फाईली एकेक करून वाचत होती (हे काम कोणी करत नाही, ती करते). होस्ट्स डॉट अलाऊ नावाच्या फाईलीत एक ओळ होती, तिच्यावर हॅश टाकून रोमन लिपीत कॉमेंट : मॅडम घर, टेंपररी, २०११.

ज्यांनी ही फाईल बघितलीय त्यांना सांगायला नको, पण किती साधं प्रकरण होतं हे! दोन टेक्स्ट फाईली. एकीत कुणाला येऊ द्यायचं, दुसरीत कुणाला नाही. आधी अलाऊ वाचली जाणार, तिथं जुळलं की विषय संपला, नाही जुळलं तर डिनाय. आणि दोन्हीकडे जुळलं नाही तर? तर या, तुमचंच घर आहे. नवीन माणूस हमखास अडखळतो तो इथंच, म्हणून डिनायमधे 'ऑल कोलन ऑल' अशी एक ओळ ठोकून द्यायची आणि मग अलाऊमधे एकेकाला आत घ्यायचं, हा रिवाज. सर्व्हिस रिस्टार्ट करायची गरज नाही, फाईल सेव्ह केली की पुढच्या कनेक्शनपासून लागू. मॅडमच्या ओळीत एसएसएचडी (लांबून लॉगइन करू देणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम), कोलन, आणि पुढे आयपी पत्त्याच्या, म्हणजे नेटवरच्या मशीनच्या पत्त्याच्या, चार आकड्यांपैकी फक्त पहिले दोन आणि शेवटी टिंब. ते टिंब महत्त्वाचं. टिंबाने संपलं की त्याचा अर्थ 'ह्याने सुरू होणारे सगळे'. म्हणजे पुढचे दोन आकडे काहीही चालतील. २५६ गुणिले २५६, ६५,५३६ पत्ते.

एवढं मोठं घर कोल्हापुरात कोणाचं नसेल.

पण मला ते का केलं असेल ते लगेच कळलं, कारण तो काळ मी बघितलाय. मॅडम परीक्षा विभाग बघायच्या. निकालाच्या दिवसांत त्या रात्री जेवणं आवरून घरून पुट्टी (लांबून सर्व्हरवर लॉगइन करायचा प्रोग्रॅम) उघडायच्या आणि गुणांच्या फाईली चालवायच्या, कारण दिवसा ऑफिसात माणसं काम करू देत नसत. घरी ब्रॉडबँडचा तो पांढरा मोडेम, हिरवे दिवे लुकलुकणारा, आणि आपल्याकडं लाईट जाणं म्हणजे रोजचं. लाईट गेली की मोडेम बंद, आली की मोडेम चालू आणि पत्ता नवीन. काल ज्या पत्त्याला आत घेतलं तो आज भलत्याच कुणाकडे गेलेला. मग फोन. "अरे, परत बंद पडलं बघ." तेव्हाच्या ॲडमिनने आधी पूर्ण पत्ता लिहिला असणार, मग दुसरा, मग तिसरा, मग वैतागून शेवटचा आकडा काढला, आणि तरी फोन यायचा थांबेना म्हणून तिसराही काढला. त्या दोन आकड्यांत आणि एका टिंबात मला त्या माणसाचं जागरण दिसत होतं. स्टॅटिक आयपीला महिन्याचे जादा पैसे पडतात, ते मागायला अर्ज, अर्जावर सही, सहीला पंधरवडा. टिंब फुकट होतं.

ही सगळी पद्धत आली कुठून, तर नेदरलँड्समधून. आइंडहोवनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात १९९० च्या सुमाराला कुणीतरी घुसखोर पुन्हा पुन्हा आत यायचा, रूट (म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी) व्हायचा आणि जाताना अख्खी डिस्क पुसून जायचा. पुसलं की लॉगही, म्हणजे नोंदीही, गेले, म्हणजे आला कुठून हे कळायला काही मागे उरायचंच नाही. विट्झे व्हेनेमा तिथं होता (हाच तो, ज्याने पुढे पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर लिहिला). त्याने काय केलं, तर टेलनेट, फिंगर वगैरे सर्व्हिसचे मूळ प्रोग्रॅम उचलून बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी आपला एक छोटा प्रोग्रॅम बसवला. कनेक्शन आलं की हा आधी नोंद करणार, कुठून आलं, कशासाठी, आणि मग मूळ प्रोग्रॅमच्या हातात सोपवून स्वतः निघून जाणार. कुठल्याच सॉफ्टवेअरला धक्का नाही. टीसीपी रॅपर म्हणतात तो हाच. मला यातलं काय आवडतं, तर पहिला हेतू अडवायचा नव्हताच. बघायचा होता. अडवाअडवी नंतर आली, आधी फक्त कोण येतंय ते कळू दे. १९९२ मधे त्याने ह्यावर पेपर वाचला, त्यात तो घुसखोर आला की उलट त्याच्याच मशीनला फिंगर करून तिथं कोण लॉगइन आहे ते आपोआप बघायचा सापळाही आहे. मॅन्युअलमधे इशारा दिलाय की फिंगर सर्व्हिसलाच असा सापळा लावू नका, नाहीतर दोन मशीन एकमेकांना कायमचं विचारत बसतील. मॅन्युअल लिहिणाऱ्याला विनोदबुद्धी होती म्हणजे.

तर संध्याकाळी, पाऊस जरा उघडल्यावर, ज्युनिअरने नवीन मशीन तपासायला घेतलं. जुन्या ईटीसी (सेटिंगच्या फाईलींच्या) फोल्डरमधून दोन्ही फाईली जशाच्या तशा नवीनवर आल्या होत्या, डिनायमधे ऑल कोलन ऑल शाबूत. तिने लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडला, म्हणजे पूर्ण बाहेरची, यादीत कुठंच नाव नाही, आणि एसएसएच मारलं. मशीनने शांतपणे पासवर्ड विचारला. तिने परत मारलं. परत पासवर्ड. मला म्हणाली, "सर, डिनाय वाचतंच नाहीये कोणी." मशीन अजून लाईव्ह नव्हतं त्यामुळे बिघडलं काहीच नाही, पण एवढं सगळं लिहिलेलं, जागच्या जागी, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही, आणि वाचणाराच नोकरी सोडून गेलेला, हे बघताना कसंसंच झालं. एरर नाही. लॉगमधे अवाक्षर नाही. तिने एलडीडी लावून एसएसएचडी कुठल्या कुठल्या लायब्ररी वापरतो ते बघितलं, त्यात लिबरॅप, म्हणजे ह्या दोन फाईली वाचणारी रॅपरची लायब्ररी, नव्हतीच.

खरं तर ही बातमी जुनी. एसएसएचडी ज्यांचा, त्या ओपनएसएसएचने २०१४ मधे, ६.७ आवृत्तीत, रॅपरचा आधार काढून टाकला. डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे वेगवेगळे लायनक्स बांधून देणाऱ्यांनी, पॅच लावून तो पुढे काही वर्षं जिवंत ठेवला, म्हणून सेंटओएस ७ वर चालायचं. सेंटओएस ज्यावरून बनायचं त्या रेड हॅटने २०१९ च्या आठव्या आवृत्तीत तो साफ काढला, आणि रॉकी म्हणजे त्याचंच पुढचं भावंड. कारणं पटण्यासारखी आहेत. रॅपरची शेवटची मूळ आवृत्ती १९९७ ची. तो काम करतो प्रोग्रॅमच्या दारात, म्हणजे टीसीपीचा हँडशेक होऊन कनेक्शन आत आल्यावर, आणि तेही त्या प्रोग्रॅमने लिबरॅपला विचारलं तरच; जो विचारत नाही त्याला यादी लागूच नाही. कर्नलमधला (सिस्टीमच्या गाभ्यातला) फायरवॉल पॅकेटला त्याच्या आधीच धरतो, कुठला प्रोग्रॅम ऐकतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे सगळं मला डोक्याने मान्य आहे. तरी ती दोन फाईलींची जोडी गेली याचं वाईट वाटतं, कारण ती कुणालाही वाचता यायची. परीक्षा विभागाच्या क्लार्कला दाखवली असती तरी त्याने बोट ठेवून सांगितलं असतं, हा कोण, तो कोण. आयपीटेबल्सची, म्हणजे त्या फायरवॉलच्या नियमांची, सेव्ह केलेली फाईल दाखवून बघा. (आणि साधं होतं म्हणून भाबडं नव्हतं. जानेवारी १९९९ मधे कुणीतरी आइंडहोवनच्या एफटीपी (फाईली उतरवून घ्यायच्या) सर्व्हरवर रॅपरच्याच सोर्समधे चोरदरवाजा बसवून ठेवला होता. दाराच्या कुलपातच! सर्टने, म्हणजे सुरक्षेचे इशारे देणाऱ्या संस्थेने, त्या वर्षीची पहिली ॲडव्हायझरी काढली ती ह्याचीच.)

आता कुणी म्हणेल कॉलेजच्या सर्व्हरमधे कुणाला एवढा रस. कुणालाच नसतो, आणि तेच तर आहे. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मधे झीमॅप हा स्कॅनर काढला, एका साध्या मशीनवरून, गिगाबिट लाईन असली तर, आयपीव्ही४ चा, म्हणजे चार आकडी पत्त्यांचा, अख्खा पसारा एका पोर्टसाठी (सर्व्हिसच्या एका दारासाठी) पाऊण तासात पालथा घालणारा. तेव्हापासून 'आपल्याला कोण शोधतंय' ह्या प्रश्नात दम राहिला नाही. पब्लिक पत्ता दिलेलं मशीन चालू करा आणि लॉग बघत बसा, चहा निवायच्या आत एकेक युजरनेम टाकून बघणं सुरू होतं. रूट. ॲडमिन. टेस्ट. ओरॅकल. पोस्टग्रेस. पाय. उबुंटू. ओळीमागून ओळ, फेल्ड पासवर्ड, फेल्ड पासवर्ड, कुठल्या कुठल्या देशातून. सुरुवातीला मी हे रात्री मुद्दाम बघत बसायचो, भुताचा सिनेमा बघतात तसं. नंतर सवय झाली. आता तर त्या यादीत एखादं भारतीय नाव दिसलं की दचकायला होतं, कारण मग तो आंधळा प्रयत्न राहत नाही, तिथं कुणीतरी कॉलेजची वेबसाईट वाचून बसलेलं असतं.

अडवायचं कसं, यावरून आमचं दोघांचं त्या आठवड्यात चांगलं वाजलं. ड्रॉप की रिजेक्ट. ड्रॉप म्हणजे पॅकेट गिळून टाकायचं, उत्तरच नाही, पलीकडचा टाइमआउट होईपर्यंत ताटकळत. रिजेक्ट म्हणजे लगेच सांगायचं, इथं नाही. बरेच जण डोळे झाकून ड्रॉप लिहितात, कारण त्यात आपण दिसत नाही असं वाटतं. तिचं म्हणणं, बाहेरच्यांना ड्रॉप करा पण कॅम्पसमधल्यांना रिजेक्टच द्या. लॅबमधल्या पोराने चुकीचं पोर्ट टाकलं तर त्याला तिथल्या तिथं 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसू दे, नाहीतर तो अर्धा तास नेटवर्कला शिव्या देत बसतो आणि मग लॅबवाल्या मामांना बोलावतो आणि मामा आपल्याला. मी आधी ऐकत नव्हतो. वीस वर्षं ड्रॉप लिहिणाऱ्या माणसाला ते सहज पटत नाही. मग तिने मला एकदा तसं ताटकळवून दाखवलं, मुद्दाम, माझ्याच लॅपटॉपचा पत्ता ड्रॉपमधे टाकून, आणि मी खरोखर आधी केबल तपासली, मग वायफाय. रिजेक्ट झालं.

दुसरी गोष्ट तिला मी शिकवली, ती मला एका जुन्या ॲडमिनने शिकवलेली. लांबून फायरवॉलला हात लावायचा असेल तर आधी ॲट कमांडने दहा मिनिटांनंतरचं एक काम लावून ठेवायचं, सगळं उघडं करणारं. नियम बरोबर लागले तर ते काम काढून टाकायचं, स्वतःच बाहेर पडलो तर दहा मिनिटं घाम पुसत बसायचं. त्यातही एक मेख आहे. नुसते नियम पुसून भागत नाही. आयपीटेबल्समधे इनपुटची पॉलिसीच ड्रॉप ठेवलेली असेल तर नियम पुसले की तुम्हाला आत घेणारा नियमही पुसला, उरली फक्त पॉलिसी, आणि बसा बोंबलत. आधी पॉलिसी ॲक्सेप्ट, मग पुसापुशी. ह्या लाईनमधे प्रत्येकाकडे कुणातरी मित्राची एक तरी गोष्ट असते, रात्री दोन वाजता बाईक काढून डेटा सेंटरला गेलेल्याची. एंटर दाबायच्या आधीचा तो एक क्षण, बोट कीवर आणि पोटात गोळा, तो इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. तिला म्हटलं, तो गेला की हे काम सोड. ती म्हणाली, "सर, तुम्ही फार ड्रामा करता."

मग मॅडमचा विषय निघाला. त्यांची ओळ काढायची हे उघडच होतं, त्या रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, पण कॉलेजात कुणी 'काढा' म्हणेना. "त्यांना विचारा आधी." "उगाच वाईट वाटेल." ही यादी म्हणजे लग्नाच्या आमंत्रणाची यादी असते बघा. नाव घालायला कुणीही येतं, अमुक मामांना विसरू नका म्हणून, पण एकदा चढलेलं नाव खोडायची वेळ आली की घरातला कर्ता माणूससुद्धा पेन खाली ठेवतो. शेवटी मीच फोन लावला. त्या आता पुण्याला मुलाकडं असतात. "अय्या, ते अजून आहे होय!" एवढं मोठ्यानं हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या पीएचडीचा फोल्डर होता रे त्यावर. तो मिळेल का?" म्हणजे मी दार बंद करायला फोन केला होता आणि झालं उलटंच. पुण्यात नेट कुठलं आहे विचारलं, मुलाला राउटरचं पान उघडून बघायला लावलं, तर पत्ता १०० डॉट ६४ ने सुरू होणारा. सीजीनॅट. म्हणजे तो पत्ता कंपनीच्या आतला, बाहेर जगाला दिसणारा वेगळाच, आणि तो एक पत्ता कितीतरी घरांत मिळून वाटलेला. २०११ मधे मॅडमचा पत्ता निदान लाईट जाईपर्यंत त्यांचा एकट्यांचा तरी होता. आता तो त्यांचा कधीच नसतो. यादीत मॅडम लिहायचं ठरवलं तरी लिहू काय? मी वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे नेटवरून खासगी बोगदा), क्यूआर कोड, मोबाईलवर ॲप, असं काहीतरी सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "ते काही मला सांगू नकोस, पेन ड्राइव्हवर टाकून ठेव. गणपतीत मुलगा येणारे, त्याच्याकडं दे." विषय संपला. एवढ्या सगळ्या अलाऊ-डिनायच्या वरची पद्धत.

नवीन मशीनवर आम्ही शेवटी असं केलं की बाहेरून एकच यूडीपी पोर्ट उघडा, वायरगार्डचा. प्रत्येकाला आपापली किल्ली, आणि किल्लीला आतला एक पत्ता बांधलेला, दहा डॉट काहीतरी. ती किल्ली नसेल तर त्या पत्त्याने बोलताच येत नाही, त्यामुळे पत्ता म्हणजे माणूस, निदान त्या माणसाचा लॅपटॉप, हे जुनं समीकरण निदान आतल्या बाजूला तरी परत जुळलं. एसएसएच फक्त कॅम्पसमधून आणि ह्या पत्त्यांवरून. नियम एनएफटेबल्समधे (आयपीटेबल्सचा वारसदार), आणि टेबल आयनेट प्रकारचं, म्हणजे आयपीव्ही६ पण त्यातच आलं. हे मुद्दाम सांगतोय कारण आयपीटेबल्स फक्त आयपीव्ही४ बघायचा, सहासाठी आयपी६टेबल्स वेगळा, आणि समोरचं दार सात कड्या लावून परसदार उघडं असलेली मशीनं अजून भरपूर आहेत. मोबाईलवरून येणारा माणूस आजकाल बहुतेक वेळा आयपीव्ही६ वरूनच येतो.

यादी कागदावर करायची कल्पना तिची. कॉलेजच्या सगळ्या विभागांना एक तक्ता पाठवला : कुणाला हवं, कशासाठी हवं, कुणाच्या सांगण्यावरून, आणि कधीपर्यंत. पहिले तीन रकाने लोकांनी कसेबसे भरले. 'कशासाठी' मधे एकाने 'कामासाठी' लिहिलं, अकाउंट्सने नुसतं 'टॅली' लिहिलं. चौथ्या रकान्यात मात्र सगळीकडून एकच शब्द आला, कायम. लायब्ररी, कायम. बाहेरून येऊन प्रिंटर दुरुस्त करणारा पोरगा, कायम. जो व्हिजिटिंग लेक्चरर ह्या सेमिस्टरपुरताच आलाय त्यानेसुद्धा कायम.

तिने तो तक्ता वाचला, काही बोलली नाही, आणि पत्त्यांचा सेट, म्हणजे यादी, करताना प्रत्येक पत्त्याला टाइमआउट लावून टाकला. एनएफटेबल्समधे ही सोय आहे, सेटमधल्या नोंदीला मुदत द्यायची, मुदत संपली की नोंद आपली आपण गळून पडते, कुणाला फोन करून वाईट वाटून घ्यायची गरज नाही. सगळ्यांना सहा महिने. मी म्हटलं, रीबूट झाला, फाईल परत लोड झाली की घड्याळ पहिल्यापासून सुरू होणार, मग ते 'कायम'च झालं की. तर म्हणाली संपायची तारीख वेगळ्या फाईलीत लिहून ठेवलीय, लोड करताना स्क्रिप्ट उरलेले दिवसच टाकते. लोकांना सांगितलंस का विचारलं तर नाही. पहिली नोंद गळणार आहे ती अकाउंट्सची, आणि ती ऐन जानेवारीत, फी भरायच्या गर्दीत. मी तारीख पुढे सरकव म्हणालो, अजून सरकवलेली दिसत नाही.